राहून गेलेलं 'अवं'

गुरुवारी शेगावला गेलेला माणूस प्रसादाशिवाय घरी येत नाही. आमच्या उंद्रीतला कुणीही घ्या. तो परत येतो तेव्हा कपाळाला काहीतरी लावलेलं असतं, खिशात प्रसादाची पुडी असते आणि तिथल्या स्वच्छतेचं कौतुक निदान दोन घरी तरी सांगून झालेलं असतं. आमचे हे त्या वर्षी सोयाबीन निघाल्यापासून दर गुरुवारी शेगावला जायला लागले आणि रिकाम्या हातानं यायला लागले. पहिल्यांदा म्हणाले, विसरलो. दुसऱ्यांदा म्हणाले, गर्दी होती. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि ते कुठं मुरतं हे माझ्या वयाच्या बाईला सांगावं लागत नाही. यात बाई होती.

साठी उलटलेल्या नवऱ्यावर संशय घेते म्हणून लेक मला फोनवर हसली. ती पुण्यात असते, कंपनीत. "मम्मी, पप्पांना मशिनींपुढं बायका दिसतात तरी का?" म्हणाली. तिला बोलायला काय जातं. आपलं माणूस आपल्या डोळ्यांदेखत हातचं जायला लागलं की बाईचं काय होतं, हे तिला अजून कळायचं आहे. आणि तिला तिचा बाप माहीत नाही. मी यांची एकेक मशीन सवतीसारखी घरात नांदवून घेतली आहे.

सगळं उंद्री यांना 'सायंटिस' म्हणतं. ही पदवी कुठल्या विद्यापीठाची नाही. दहावीत यांनी शाळा सोडली की शाळेनं यांना सोडलं, यावर गावात दोन मतं आहेत. बसस्टँडमागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं ते मिस्त्रींच्या जोडीनं. मिस्त्री हे यांचे लहानपणापासूनचे दोस्त, वेल्डिंगचं काम करतात, गल्लीच्या टोकाला मुसलमानांची घरं आहेत तिथं राहतात. हे डोक्यातून काढायचे आणि मिस्त्री लोखंडातून. दोघांनी गावात जे जे पहिल्यांदा आणलं ते आधी आमच्या घरात उभं राहिलं, आणि त्याच्याकडं पहिल्यांदा वाकड्या नजरेनं मी पाहिलं.

सुरुवात लग्नापासूनच झाली. माझं माहेर रोहिणखेडचं. लग्न लागून मी उंद्रीत आले, आणि दुसऱ्या दिवशी नवरीचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता. ताटात तांदूळ पसरलेले, भोवती बाया जमलेल्या, आणि यांनी अंगठीनं तांदळात माझं नवं नाव लिहायचं. शेवटचं अक्षर होतं न होतं तोच अंगणातला भोंगा किंचाळायला लागला. हे तसेच उठले, पाय ताटाला लागला, तांदूळ जमिनीवर आणि हे भोंग्यापाशी. नव्या नवरीला सोडून माणूस भोंग्याच्या तोंडात डोकं घालून उभा! मी तेव्हाच मनात म्हटलं, हे प्रकरण सरळ नाही. नाव सासूबाईंनी वाचलं होतं. त्यांच्या जावेचंही तेच नाव, आणि जावेशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलणं बंद. "ते नाव या घरात कोणी घेणार नाही," त्या म्हणाल्या. विषय संपला. कागदोपत्री माहेरचंच नाव राहिलं, घरात मी सूनबाई झाले, पुढं अमकीची माय झाले. आणि यांच्यासाठी मी 'अवं'.

आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी यांना 'अवो' म्हणते, हे मला 'अवं' म्हणतात. यांचा आवाज म्हणजे गावचा भोंगा. विहिरीवरून 'अवं!' अशी आरोळी आली की मी घरातल्या चुलीपाशी 'आली वो' म्हणायची, आणि मधल्या चार घरांतल्या बायाही आपापल्या चुलीपाशी दचकायच्या, कारण त्यांचे नवरेही त्यांना अवंच म्हणत. पण मला माझं बरोबर ओळखू यायचं.

गावातला पहिला टीव्ही आमच्या ओसरीत लागला. अँटेना कडुनिंबाच्या शेंड्यावर, हे झाडावर, मिस्त्री बुंध्याशी, मी टीव्हीपुढं. "दिसते का?" हे वरून विचारायचे. "मुंग्याच हायेत!" मी ओरडायची. पडद्यावर पांढऱ्या मुंग्या वळवळायच्या त्या चित्र होईपर्यंत अर्धा कार्यक्रम संपायचा. पुढं मोठी छत्री आणली आणि घरोघर केबल दिली. तारा ओढायला हे लोकांच्या माळवदांवर चढायचे, तेही दुपारी. दुपारी पुरुष वावरात असतात आणि घरी बाया. मग दुपारच काऊन? मी विचारलं. "अवं, दुपारीच लाइन असते," म्हणाले. मी सलग काही दिवस बल्बखाली बसून खात्री करून घेतली. असायची.

टेलिफोनच्या जमान्यात ओसरीला काचेची खोली आली. लोक आत बसून मुंबई-सुरतेच्या पोरांशी बोलायचे, काच होती तरी मला बाहेर सगळं ऐकू यायचं. हे कधी ऐकायचे नाहीत. कुणाची भानगड कानावर आली की हे उठून विहिरीवर जायचे. लोकांना वाटायचं, केवढा सज्जन माणूस. मला वाटायचं, ज्याला दुसऱ्याचं ऐकायचं नसतं त्याला स्वतःचं लपवायचं असतं.

मग कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. दाराला पडदा, आत चपला घालून यायचं नाही, दोन जुने कॉम्प्युटर आणि शिकायला कोण, तर गावातल्या दहावी-बारावीच्या पोरी. पडदा लागला त्याच दिवशी मी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन आत जाऊन बसले. शेंगा सोलायच्या आणि डोळ्यांत तेल घालून पाहायचं. हंगाम सरला, शेंगा संपल्या, तरी मी बसत राहिले. हे पोरींना मराठी टायपिंग शिकवायचे, मान वर करून एकीकडंही पाहायचे नाहीत, नुसते पडद्यावरच्या अक्षरांना रागवायचे. त्या बसण्यात माझी बोटं शिकली. आज हे लिहिते आहे तेही त्याच बोटांनी. संशयाचा मला झालेला एवढा एकच फायदा.

मोबाइल आले तेव्हा यांनी मोटारपंपाच्या पेटीत एक फोन बसवला. त्या नंबरावर घंटी दिली की वावरातली मोटार सुरू, पुन्हा घंटी दिली की बंद. चिखलीपासून लोक पाहायला आले. त्याच दिवसांत लेकीला पाहून गेलेल्या मंडळींना हे फोननंबर देऊन बसले, आणि दिला तो मोटारीचा! घराचा नंबर यांना पाठ नव्हता, मोटारीचा होता. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. ते सांगायला ते दिवसभर घंटी देत राहिले, कुणी उचलेना, आणि इकडं मोटार चालू-बंद, चालू-बंद. हे आणि मिस्त्री त्या दिवशी खामगावला सामान आणायला गेले होते. परत येऊन पाहतात तर हरभऱ्यात घोट्याएवढं पाणी. सोयरीक जमली आणि हरभरा गेला. यांना हरभऱ्याचं दुःख नव्हतं. "पाह्यलं का, एकबी घंटी वाया नाही गेली," म्हणाले.

उन्हावर मिरच्या वाळवायचं कपाट, गाईच्या गळ्यात बांधायची चिप, फवारणीचं ड्रोन, काय काय झालं. ड्रोनवरून गावातल्या बाया माझ्याकडं भांडायला आल्या, कारण बऱ्याच न्हाण्यांना छत नाही. मी त्यांच्या बाजूनं भांडले. मग ड्रोन उडवायच्या आधी मिस्त्री शिट्टी मारत गावातून फिरायचे, असं ठरलं. काही गोष्टी चालल्या, बऱ्याच बुडाल्या, पण एक खरं, यांनी आयुष्यात कधी दार लावून काम केलं नाही. गोठ्यात गुरं राहिली नाहीत तेव्हा तिथं यांनी आपला कारखाना थाटला. त्याला दार होतं, पण ते कोंबड्या अडवायला. हे आत जे करायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

आणि त्या वर्षी गोठ्याला आतून कडी लागली.

एक कडी असती तर मी सोडून दिलं असतं. पण चिन्हं चोहीकडून दिसायला लागली. यांचा आवाज बसला. सोयाबीन काढताना घशात धूळ गेली म्हणाले, गळ्याभोवती मफलर आला. मी म्हटलं, फोनवर हळू बोलायची सवय लागली की आवाज बसतोच. भाकर खाईनात, वरणात बुडवून बुडवून कशीबशी अर्धी संपवायचे. मी म्हटलं, दुसरीकडं जेवून येत असतील. अंगानं उतरले. मी म्हटलं, हो, या वयात बारीक दिसायची हौस आली. गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून मिस्त्रींच्या मागं मोटरसायकलवर बसायचे आणि संध्याकाळी मावळलेल्या तोंडानं परत यायचे. मी म्हटलं, भांडण झालं असेल दोघांचं.

मिस्त्रींना गाठलं. ते शटरला वेल्डिंग करत होते. मी विचारलं, "मिस्त्री, गुरुवारी कोठी जाता तुमी दोघं?"

"शेगावले, भाभी."

"तिथं कोन्याच्या घरी?"

मिस्त्रींनी कपाळावरची काळी काच डोळ्यांवर ओढली. "खुदा की कसम भाभी, मले काही मालूम नाही." आणि ठिणग्या उडवायला लागले. चोराच्या मनात चांदणं. ज्याला माहीत नसतं तो आधी विचारतो, काय झालं भाभी? मिस्त्रींनी ते विचारलं नाही.

त्यानंतर मी लाज सोडली. एका दुपारी हे जेवून गोठ्यात गेले, कडी लागल्याचा आवाज आला, आणि मी मागच्या बाजूला कुडाच्या फटीशी जाऊन उभी राहिले. आत हे बोलत होते. आवाज फाटका, पण गोडवा असा की माझ्याशी तसं बोलल्याचं मला आठवेना. "चहा मांड जरासा." मग थोडा वेळ शांत. "थकली असशीन, बस." पुन्हा शांत. "जेवून घे." आणि त्यापुढं एका बाईचं नाव. तेच वाक्य परत, तेच नाव परत. एकदा लाडानं, एकदा रागावून, एकदा नुसतंच नाव, लांबून हाक मारावी तसं.

खरं सांगते, तोवर संशयात थोडी मजाही होती. आयुष्यभर घेतला होता, तो कधी खरा निघाला नव्हता, त्यामुळं त्याची सवय झाली होती. पण नाव ऐकलं आणि मला रडू फुटलं. ते नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, म्हणजे बाई ओळखीचीच असणार. मी डोकं खाजवत घरात आले. कॉम्प्युटरच्या वर्गात त्या नावाची एक पोरगी होती, ती आता खामगावात दिलेली, दोन लेकरांची आई. मी तिच्या माहेरी ताक मागायला म्हणून गेले आणि भांडं पुढं न करता तासभर तिचीच चौकशी करत बसले. ती नवऱ्याबरोबर सुखात होती. तिच्या आईनं मला ताक दिलं आणि संशयानं पाहिलंही.

म्हणजे दुसरी कुणीतरी होती. दोन दिवस मी जेवले नाही. हे जेवत नव्हते, मी जेवत नव्हते, आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. तिसऱ्या दुपारी पुन्हा आतून तेच नाव आलं, आणि मी गोठ्याचं दार असं ढकललं की कडी उपटून हातात आली.

आत हे एकटे. कानांवर हेडफोन, पुढं माइक, लॅपटॉपवर हिरव्या लाटा वरखाली होत होत्या. मी फोन शोधला, तर तो खुंटीवरच्या सदऱ्यात.

"कोन हाय ते सटवी?" मी ओरडले.

यांनी हेडफोन काढला. "कोन?"

"जिचं नाव जपून राह्यले ते! कोन हाय ते सटवी?"

यांचा चेहरा हळूहळू उजळला, हसायला लागले, आणि हसता हसता खोकल्यानं वाकले. मी अजून ओरडतच होते. तेवढ्यात यांनी हात वर केला आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "अवं, तूच ना ते!"

मला समजेना.

"तुहं नाव. तांदुयातलं."

मी तिथंच पोत्यावर बसले. जे नाव मला तांदूळ सांडेपर्यंतच मिळालं होतं, जे सासूबाईंनी घरातून काढलं होतं आणि मी मनातूनही, ते यांनी एवढी वर्षं कुठं ठेवलं होतं कोण जाणे. क्षणभर मला एवढं हलकं वाटलं की मी देवाचे आभार मानले. बाई नव्हती! मग डोकं ठिकाणावर आलं आणि मी विचारलं, "पन मंग हे दार लावून काऊन?"

हे बराच वेळ मफलरचं टोक बोटाला गुंडाळत बसले. "अकोल्याचे डॉक्टर म्हनतेत, गयातली पेटी काढा लागते."

"कायची पेटी?"

"आवाजाची."

संशय माझा खोटा नव्हता. हे लपवत होतेच. बाई तेवढी चुकली. बाई असती तर बरं झालं असतं, असं मला त्या पोत्यावर बसल्या बसल्या वाटलं, आणि आजही वाटतं. बाईशी भांडता येतं. तिच्या दारात जाऊन तिला चार शिव्या देता येतात.

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर गुरुवारी असायचे. शेगावपर्यंत मोटरसायकल, पुढं रेल्वेनं अकोला. "शेगावलेच तं जाऊन राह्यलो होतो," हे म्हणाले, "खोटं नाही सांगतलं."

"अन् परसाद?"

"मंदिरात गेलोच नाही. गेलो असतो तं मांगा लागलं असतं काही." या माणसानं जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही, देवाकडंही नाही. मला यांचा इतका राग आला की यांना मारायचंच काय ते बाकी राहिलं. मला सांगितलं नाही आणि मिस्त्रींना सांगितलं! मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी त्यांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. "भाभी, त्यानं कसम घातली होती," एवढंच म्हणाले आणि खाली बघून डोळे पुसले. मग मी त्यांना आत घेतलं.

दवाखान्यात यांना एक तयार मशीन दाखवली होती. ज्यांचा आवाज जातो त्यांनी पडद्यावर बोट ठेवायचं, मशीन त्यांच्याऐवजी बोलते. यांनी बोट ठेवलं तर ती म्हणाली, "मला तहान लागली आहे, कृपया पाणी द्या." पुण्याचं शुद्ध मराठी, आवाज कुण्या परक्या गृहस्थाचा. हे तिथंच उठले. "जलमभर तुले पानी मांगून राह्यलो, कधी कृपया म्हनलं काय?" मला म्हणाले. "तू म्हनशीन घरात पाव्हना आला." म्हणून यांनी ठरवलं होतं की आपला आवाज जायच्या आत आपणच साठवायचा, आपल्या बोलीत, आणि मशीन आपणच करायची. यांच्या सगळ्या मशिनींत मी हिच्यावर तेवढा संशय घेतला नाही, कारण हिच्याजवळ मी रोज बसले. मी वाक्यं सुचवायची, हे म्हणायचे. "मीठ कमी हाय." "लाइन आली काय?" "मिस्त्रीले बोलाव." "झोप आता." दिवसागणिक आवाज फाटत चालला होता आणि आम्ही दोघं घाईत होतो.

एकदा मी विचारलं, कागदावरचं नाव सोडून तांदळातलंच का घेतलं. "ते तुह्या बापानं ठेवलं," हे म्हणाले, "हे म्या ठेवलं."

"अन् तुमाले सुचलं कोठून?"

हे चक्क लाजले. "रेडिओवर एक बाई बोले तवा. लय गोड आवाज होता तिचा."

म्हणजे बाई होतीच! एवढ्या वर्षांनी का होईना, माझा संशय खरा निघाला. आम्ही दोघं इतके हसलो की ते वाक्य वाया गेलं आणि पुन्हा भरावं लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं आणि माझी जीभ उचलेना. मागं रांग होती. शेवटी मी तिला म्हटलं, सरक, आणि तिच्या कीबोर्डवर यांचं नाव स्वतः टाइप केलं. तेवढा यांच्या वर्गाचा उपयोग झाला.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. माणूस वाचला, मलाही तेच हवं होतं. पण घरी आल्यावर घर असं गप्प झालं की मला भांडीही हळू ठेवावीशी वाटायची. हे ती मशीन भरलेला टॅब हातात घेऊन बसायचे. पहिले काही दिवस पाणी दे, चहा मांड, सगळं बरोबर चाललं. यांचाच आवाज, यांचीच बोली. मिस्त्री ऐकून टाळ्या वाजवायचे.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. गोठ्याकडून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, बराच वेळ. मला वाटलं टीव्ही चालू राहिला असेल. मग लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज आला, ठणठण. मी धावत गेले. हे स्टुलावरून खाली पडलेले, पाय आखडलेला, एका हातात टॅब, दुसऱ्यात पाना. मी घाबरून बोलून गेले, "अवो, हाक तं मारा ना!"

यांनी माझ्याकडं पाहिलं आणि टॅबवर बोट ठेवलं. यांच्या आवाजात ते नाव आलं. हाक तर हे मारतच होते. माझ्या कानालाच ती कळली नव्हती. मन कितीही पाघळलं तरी कान तांदळातलं नाव ओळखत नव्हते.

रात्रीचं जेवण आटोपून मिस्त्रींना बोलावलं आणि मशिनीत 'अवं' शोधायला बसलो. नव्हतं. मी जवळ बसायला लागल्यापासून प्रत्येक वाक्याच्या आधी हे 'अवं' म्हणत होते, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण वाक्य भरून झालं की हे ते साफ करायचे. खोकला, पंख्याची घरघर आणि 'अवं', तिन्ही यांनी कचरा म्हणून कापून फेकले होते. यांच्या हिशेबी तो शब्दच नव्हता. मी विचारलं तेव्हा हे खांदे पाडून बसले आणि बोटांनी हवेत नुसती कात्री चालवून दाखवली. फोनवर यांनी मला कधी आवाज पाठवला नाही, घरातल्याच बाईला कशाला पाठवायचा. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत हे आहेत, पण त्यावर बँडच बँड.

शेवटी लेकीनं पुण्याहून सांगितलं की न कापलेलं एखादं रेकॉर्डिंग राहिलं असेल तर बघा. एकच राहिलं होतं. मी दार ढकलून आत घुसले त्या दुपारचं. माइक चालूच होता, आणि ते यांनी पुसलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. लेकीनं तिच्याकडच्या सगळ्या युक्त्या लावून पाहिल्या. "मम्मी, दोघांचे आवाज एकमेकांत अडकलेत गं," म्हणाली. "तुझा काढायला गेलं की पप्पांचा फाटतो."

मी म्हटलं, राहू दे तसंच.

आता दुपारी यांना काही लागलं की गोठ्यातून आधी माझाच आवाज येतो, चिडलेला, "कोन हाय ते सटवी?" आणि त्याच्या शेपटाला अडकलेला यांचा, "अवं, तूच ना ते!" रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. मी हाताचं पीठ पदराला पुसते आणि म्हणते, "आली वो, आली."